पक्षी : पीस :: मासा : ? (ॲरिस्टॉटल, त्रिकोण आणि मांजरीचं पचन)

शेवाळ

लेकीचा शिष्यवृत्तीचा सराव घेत होते. बुद्धिमत्ता चाचणीत 'समसंबंध' म्हणून प्रकार असतो. 'पक्षी : पीस :: मासा : ?' तिने 'खवले'चा गोल रंगवला आणि पुढच्या प्रश्नाला लागली. मी तिथेच अडकले. कारण याच दोन जोड्या ॲरिस्टॉटलच्या 'प्राण्यांचे भाग' या ग्रंथात पहिल्याच खंडात आहेत. पक्ष्याला जसं पीस, तसे माशाला खवले.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. चिमणी आणि करकोचा यांच्यातला फरक कमी-जास्तीचा: चोच लांब की आखूड, पाय उंच की बुटके. पण पक्षी आणि मासा यांच्यात कमी-जास्त करून भागत नाही, तिथे 'आनालोगिया' लागते. हा शब्द त्याने गणितातून उचलला आहे. अ ला ब, तसा क ला ड.

इथवर ठीक. पण 'जीवाविषयी' या दुसऱ्या ग्रंथात तो आणखी एक भूमिती आणतो. 'आकृती म्हणजे काय' याचं एकच उत्तर देता येत नाही, कारण नुसती 'आकृती' कुठे नसतेच. असतो तो त्रिकोण, चौकोन, पंचकोन. शिवाय ही रांग आहे, चौकोनाच्या पोटात त्रिकोण असतो. जीवाचंही तसंच. वनस्पतीचा जीव म्हणजे पोसणं, वाढणं, पुनरुत्पादन. प्राण्याच्या जीवात हे सगळं असतं आणि वर संवेदना. माणसात वर बुद्धी. म्हणून 'जीव म्हणजे काय' असं मोघम विचारू नका, 'कोणाचा जीव' ते विचारा.

आता माझी अडचण. चौकोनात त्रिकोण 'असतो' म्हणजे कर्ण काढला तर निघतो. नाही काढला तर नाही. तो स्वतःही म्हणतो की त्रिकोण तिथे शक्यतेच्या रूपात आहे. पण आमच्या मांजरीचं पचन शक्यतेच्या रूपात नाही हो, आत्ता माझ्या मांडीवर घुर्रघुर्र करत चालू आहे. मग ही उपमा गंडली का? की मला कळली नाही?

कुंपणावरचा सरडा

मांजरीला कर्ण काढून बघा. 🙂

(हलके घ्या.)

तिसरा_कर्ण

गणिताचा मास्तर आहे, तेव्हा आधी समसंबंधाबद्दल बोलतो, त्रिकोणाकडे नंतर येतो.

'आनालोगिया' म्हणजे आपलं प्रमाण. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात ॲरिस्टॉटल स्वच्छ व्याख्या देतो: गुणोत्तरांची समानता, आणि त्यासाठी किमान चार पदं लागतात. युक्लिडच्या पाचव्या पुस्तकातला प्रमाणाचा सिद्धांत मुळात युडोक्ससचा मानतात, आणि युडोक्सस हा ॲरिस्टॉटलचा गुरू प्लेटो याच्या अकादमीच्या वर्तुळातला. म्हणजे ॲरिस्टॉटलला हे गणित ताजं ताजं मिळालेलं होतं.

नववीच्या पोरांना आपण एकांतर क्रिया शिकवतो. अ : ब :: क : ड असेल तर अ : क :: ब : ड. आता लावा. पीस : पक्षी :: खवले : मासा. एकांतर करून पीस : खवले :: पक्षी : मासा. चाललं! पिसाचा खवल्याशी जो संबंध तोच पक्ष्याचा माशाशी, वाक्याला अर्थ आहे. व्यस्त क्रियाही चालते. पण योग क्रिया करायला गेलात, (पीस + पक्षी) : पक्षी, की संपलं. बेरीज करायला दोन्ही एकाच जातीची राशी हवी.

म्हणून माझं मत: अर्धं गणित आहे, अर्धी उपमा. सांगाडा गणिताचा, मांस उपमेचं.

आळशी_मांजर

अंत्यपदांचा गुणाकार = मध्यपदांचा गुणाकार
पीस × मासा = पक्षी × खवले
म्हणजे उडणारा मासा = खवलेवाला पक्षी. सिद्ध झाले. पाच गुण द्या.

तिसरा_कर्ण

@आळशी_मांजर, पायऱ्या न दाखवल्याने अडीच.

निवांत_नाना

शेवाळताई, धागा उत्तम. थोडं आपल्याकडचं सांगतो.

न्यायदर्शनात 'उपमान' हे स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. 'प्रसिद्धसाधर्म्यात् साध्यसाधनमुपमानम्'. नेहमीचं उदाहरण गवयाचं. शहरातल्या माणसाने गवय पाहिलेला नाही. रानातला माणूस सांगतो, गाईसारखा असतो. हा रानात जातो, गाईसारखं जनावर पाहतो आणि ओळखतो की याचंच नाव गवय. पुष्कळ जण हे आणि ग्रीकांचं एकच असं समजतात. तसं नाही. गवय गाईसारखा दिसतो. पीस खवल्यासारखं दिसत नाही, आणि ॲरिस्टॉटलचं तसं म्हणणंही नाही. त्याच्याकडे दोन वस्तू सारख्या नसतात, दोन संबंध सारखे असतात.

गंमत म्हणजे काव्यावरच्या ग्रंथात त्याने याच चार पदांतून रूपक कसं तयार होतं ते दाखवलंय. दिवसाला संध्याकाळ, तसं आयुष्याला म्हातारपण. आणि आपण निवृत्तीच्या सत्कारात 'आयुष्याच्या संध्याकाळी' म्हणतो तेव्हा प्रमाण मांडतोय हे कोणाला माहीत असतं?

मालवणी_मासळी

माझं खातं पाच वर्षं झोपलेलं होतं, या धाग्यासाठी उठवलं.

आमच्याकडे माकूल साफ करताना आतून निघते ती पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची फळी माहीत आहे ना? समुद्रफेन म्हणून विकतात, पिंजऱ्यातल्या पोपटाला चोच घासायला देतात. ॲरिस्टॉटलने ती बघितली होती. तर्कावरच्या ग्रंथात तो लिहितो की माकुलीची ती फळी, माशाचा काटा आणि जनावराचं हाड या तिघांना मिळून एक नावच नाही, तरी तिघांना लागू पडणाऱ्या काही गोष्टी असतात, जणू तिघं एकाच जातीचे असावेत. मला हे प्रचंड आवडतं. नाव नाही म्हणून वस्तूंचं नातं नाही असं नाही.

आणि हे टेबलावर बसून सुचलेलं नाही. तो लेस्बॉस बेटावर आपला सहकारी थिओफ्रास्टस याच्या सोबतीने राहिला. तिथल्या पिऱ्हाच्या खाडीतल्या मासळीचे उल्लेख त्याच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येतात. कोळ्यांना विचारून विचारून भंडावलं असणार.

तिसरा_कर्ण

@मालवणी_मासळी, अहो, तुम्ही तर कळस केलात. त्याच ग्रंथात सुरुवातीला तो एकांतर क्रियेबद्दल लिहितो. पूर्वी हा नियम संख्यांसाठी वेगळा, रेषांसाठी वेगळा, घनांसाठी वेगळा आणि काळासाठी वेगळा सिद्ध करत. का? तर या चौघांना मिळून एक नाव नव्हतं! आता एकदाच सगळ्यांसाठी सिद्ध करतात.

म्हणजे माकुलीची फळी आणि युडोक्ससचं प्रमाण, दोन्हीकडे त्याला एकच गोष्ट खटकली होती. माझं वरचं 'अर्धं गणित, अर्धी उपमा' मागे घेतो. उपमा आपण बोलणं खुलवायला वापरतो. हा माणूस जिथे भाषेत शब्द नाही तिथे पूल टाकायला वापरतोय.

कुंपणावरचा सरडा

आंतरजालावर कोणीतरी विधान मागे घेतलं. धागा जतन करून ठेवा रे.

प्लेटोचा_पोपट

सगळे ॲरिस्टॉटलच्याच मागे लागलेत. भूमिती हवी तर प्लेटोचा 'तिमाइयस' हा संवाद वाचा. तिथे उपमा वगैरे नाही, प्राणी खरोखरच त्रिकोणांचा बनलेला आहे. अग्नी चार पृष्ठांचा, हवा आठ, पाणी वीस, पृथ्वी म्हणजे घन, आणि हे सगळे त्रिकोणांतून जुळवलेले. म्हातारपण का येतं? तान्ह्या जीवाचे त्रिकोण नुकत्याच गोदीतून उतरलेल्या जहाजासारखे कोरे करकरीत असतात. खाल्लेल्या अन्नाचे त्रिकोण जुने, कमकुवत, त्यांना हे कापून काढतात आणि मूल बाळसं धरतं. वर्षानुवर्षं झुंजून झुंजून आपले त्रिकोण सैल पडतात, मग अन्नाचेच आपल्याला कापायला लागतात. शेवटी मज्जेतल्या त्रिकोणांची बंधनं सुटतात आणि आत्मा मोकळा होतो.

आळशी_मांजर

चाळिशीनंतर रात्री मिसळ खाल्ली की नेमकं हेच होतं. आता कारण कळलं. पावाचे त्रिकोण.

शेवाळ

@प्लेटोचा_पोपट, डोक्याचं पण सांगा ना, मला फार आवडतं ते.

प्लेटोचा_पोपट

घ्या. विश्व गोल, म्हणून देवांनी त्याची नक्कल करत डोकं गोल केलं. पण नुसतं डोकं जमिनीवर गडगडत गेलं असतं, चढाला अडलं असतं, खड्ड्यात पडलं असतं. म्हणून त्याला वाहन दिलं, ते म्हणजे आपलं धड आणि हातपाय.

शेवटी प्राणी कसे झाले तेही आहे. जे पुरुष निरुपद्रवी पण उथळ होते, ज्यांना वाटायचं की आकाशाचं ज्ञान नुसत्या डोळ्यांनी होतं, ते पुढच्या जन्मी पक्षी झाले. ज्यांनी तत्त्वज्ञानाला हातच लावला नाही ते चतुष्पाद. डोक्यातली (विचाराची) वर्तुळं न वापरल्यामुळे त्यांची डोकी चेपून लांबट झाली. जितका मूर्ख तितके जास्त पाय, म्हणजे जमिनीला आणखी खेचला जाईल. अगदीच मूर्खांना पायही नाहीत, ते सरपटतात. आणि सगळ्यात अज्ञानी ते मासे.

मालवणी_मासळी

निषेध.

कुंपणावरचा सरडा

चार पायांच्या समस्त आयडींतर्फे तीव्र निषेध.

सांधेवाली

मी फिजिओथेरपिस्ट. तत्त्वज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, पण 'प्राण्यांची चाल' हा ॲरिस्टॉटलचा छोटा ग्रंथ मला एका शिक्षकांनी वाचायला लावला होता आणि त्यात पायथागोरस आहे! चालताना एक पाय सरळ उभा, दुसरा पुढे टाकलेला. पुढचा पाय काटकोन त्रिकोणाचा कर्ण होतो, उभा पाय एक बाजू, मधली जमीन पाया. कर्णाचा वर्ग म्हणजे बाकी दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज. पण पाय तर दोन्ही सारखेच लांब! म्हणून कुठेतरी वाकावंच लागतं, आणि ते गुडघ्यात. वर तो पुरावा देतो. भिंतीच्या कडेने चालणाऱ्या माणसाच्या डोक्याची रेघ भिंतीवर काढली तर ती सरळ येणार नाही, वरखाली नागमोडी येईल.

ही रेघ कशी काढायची याबद्दल दोन भाषांतरांत दोन गोष्टी वाचल्या. एकात उन्हात पडलेली डोक्याची सावली, दुसऱ्यात डोक्याला बांधलेला शाईत बुडवलेला बोरू. मला बोरू पटला, म्हणून घरी करून पाहिलं. नवऱ्याच्या टोपीला लेकाचं स्केचपेन चिकटपट्टीने आडवं बांधलं आणि पॅसेजच्या भिंतीला वर्तमानपत्र लावून त्याला चालवलं. पायाची लांबी ९० सें.मी., पाऊल ७० सें.मी. दोन्ही पाय ताठ धरले तर मधोमध उभं असताना आणि पाय फाकलेले असताना उंचीत ७ सें.मी.चा फरक यायला हवा. कागदावर जेमतेम ४ आला.

उरलेले ३ कुठे गेले? तेच आमचं पोटापाण्याचं काम. टेकलेल्या पायाचा गुडघा किंचित वाकतो, कटी थोडी फिरते, टाच-चवडा असं पाऊल लोळतं. डोकं फार हिंदकळू नये म्हणून शरीर हिशेब चुकवतं. ॲरिस्टॉटलने गुडघा बरोबर पकडला होता.

तिसरा_कर्ण

९० चा वर्ग ८१००, ३५ चा वर्ग १२२५, वजा करून ६८७५, वर्गमूळ ८२.९. बरोबर, ७ च. उद्या वर्गात हाच प्रयोग. पायथागोरस शिकवायला शिडी आणि भिंत वापरून वापरून कंटाळा आला होता.

शेवाळ

सांधेवाली, हे भारीच! हत्तीचंही त्याच ठिकाणी आहे ना? हत्तीचे पाय वाकतच नाहीत अशी जुनी समजूत होती, आणि ती खरी नाही असं तो तिथल्या तिथे सांगून टाकतो.

सांधेवाली

हो. आणि चार पायांची जनावरं पाय कोणत्या क्रमाने टाकतात तेही: उजवा पुढचा, मग डावा मागचा, मग डावा पुढचा, मग उजवा मागचा. संध्याकाळी सोसायटीच्या कुत्र्यामागून मोबाईल धरून चालले आणि सावकाश गतीत बघितलं. बरोबर आहे! कुत्रं कंटाळलं, वॉचमन काळजीत पडला.

ऊसकरी

बैलाचं पण तसंच असतंय. आमच्यात लहान पोराला बी म्हाईत. उंटाचं वायलं, त्येचं एका अंगाचं दोन्ही पाय बरोबर जात्यात.

सांधेवाली

दादा, अगदी! उंटाचा अपवाद त्याने दिलाय. उंटाच्या पंगतीला सिंहही बसवलाय, तिथे मात्र चुकला. सिंहामागे मोबाईल घेऊन चालणं त्यालाही जमलं नसणार.

निवांत_नाना

आता वनस्पतींकडे वळू का? त्याच ग्रंथात दिशांचा विचार आहे. वर-खाली, पुढे-मागे, उजवा-डावा या तीन जोड्या. पण 'वर' कशाला म्हणायचं? आकाशाच्या बाजूला नव्हे, तर जिथून अन्न आत जातं आणि वाढ सुरू होते ते वर. म्हणजे झाडाचं 'वर' मुळांत. प्राण्याला जसं डोकं, तसं झाडाला मूळ. थोडक्यात, झाड हा शीर्षासन करणारा जीव.

आता आपला 'पादप' शब्द बघा. पायांनी पितो तो पादप. संस्कृत माणसाने तेच झाड बघितलं, मुळं पाणी पितात हेच बघितलं, आणि मुळांना पाय ठरवलं, पिणं मात्र पायाकडे दिलं. ग्रीकाने पिणं तोंडाकडेच ठेवलं आणि झाड उलटं केलं. एकाने अवयव जागेवरून ओळखला, दुसऱ्याने कामावरून. मला तर यात अख्खा फरक दिसतो.

कुंपणावरचा सरडा

नाना, 'ऊर्ध्वमूलमधःशाखम्' राहिलं ना! गीतेच्या पंधराव्या अध्यायात झाड उलटंच आहे. म्हणजे आपल्याकडे आधीच...

निवांत_नाना

'आपल्याकडे आधीच' हे वाक्य तुम्ही पुरं केलं नाहीत त्याबद्दल आभारी आहे. तो अश्वत्थ संसाराचं रूपक आहे. तिथे कोणी पिंपळाचं पोषण कसं होतं हे सांगत नाहीये.

प्लेटोचा_पोपट

नाना, पण मग प्लेटो गीतेच्या जवळ येतो बघा. 'तिमाइयस'च्या शेवटाकडे आहे: माणूस हे जमिनीतलं रोप नाही, आकाशातलं रोप आहे. आत्मा जिथे पहिल्यांदा जन्मला तिथे देवाने आपलं डोकं, म्हणजे आपलं मूळ, टांगून ठेवलंय आणि त्याने शरीर उभं राहतं. मूळ वर, फांद्या खाली. शिष्याने तीच उपमा घेतली आणि आकाशातून काढून बागेत लावली.

निवांत_नाना

वा! हे ध्यानात नव्हतं. पोपटराव, तुमच्यावरचे आजवरचे सगळे आक्षेप चोवीस तासांसाठी स्थगित.

उत्तरध्रुव

स्कॉटलंडमधून. थोडं उशिरा.

आमच्या डंडीत डार्सी थॉम्पसनच्या नावाचं प्राणिसंग्रहालय आहे (सांगाडे आणि बरण्यांचं, जिवंत नव्हे). हा माणूस ग्रीक भाषेचाही पंडित आणि प्राणिशास्त्राचाही प्राध्यापक. ॲरिस्टॉटलच्या प्राण्यांच्या इतिहासाचं त्याचं इंग्रजी भाषांतर १९१० चं. १९१७ मध्ये वाढ आणि आकार यांवरचं त्याचं पुस्तक आलं, त्यात एका माशाचं चित्र आलेखाच्या चौकटींवर काढायचं आणि मग चौकटीच ताणायच्या, वाकवायच्या, की दुसऱ्या जातीचा मासा मिळतो. धाग्याच्या सुरुवातीला शेवाळ म्हणाली ते 'कमी-जास्त' म्हणजे हेच, आणि थॉम्पसनने ते ॲरिस्टॉटलचं नाव घेऊन सांगितलंय. चौकट ताणून मासा दुसरा मासा होतो, चिमणी होत नाही. तिथे आनालोगिया.

पण माझी एक तक्रार आहे. १८४३ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने दोन शब्द वेगळे केले. काम सारखं पण अवयव वेगळा असेल तर एक शब्द ('ॲनालॉग'), अवयव तोच पण रूप आणि काम काहीही असेल तर दुसरा ('होमोलॉग'). पक्ष्याचा पंख आणि माशीचा पंख पहिल्यात. पक्ष्याचा पंख आणि आपला हात दुसऱ्यात. ॲरिस्टॉटलकडे ही फोड नाही. तो माशाचा काटा आणि गाईचं हाड 'आनालोगिया'त टाकतो, पण ते तर एकच आहेत, दोन्ही हाडंच! म्हणजे समसंबंधाचं उत्तर चुकलं ना?

मालवणी_मासळी

काट्याबद्दल मान्य, अर्धं. पण बाकी दोन बघा. खवले कातडीच्या आतल्या थरात होतात, हाडाच्या नात्यातले. पीस वरच्या थरातलं, आपल्या नखासारख्या द्रव्याचं. वेगळ्या वस्तू, 'अंगावरचं आवरण' हे काम एक. तिथे त्याचा समसंबंध बरोबर. समुद्रफेन म्हणजे चुना आणि पोकळ्या, माकूल त्यावर पाण्यात तरंगायचं गणित सांभाळते. हाडाशी रक्ताचं नातं शून्य, आधार देण्याचं काम तेवढं एक. तिथेही बरोबर. चुकला तो नेमका जिथे फरक कमी होता तिथे.

ॲरिस्टॉटलच्या आधीच्या एम्पेडोक्लीजचं काय मग? तो तर म्हणाला होता की केस, पानं, पक्ष्यांची दाट पिसं आणि खवले हे सगळे एकच! ॲरिस्टॉटलने त्याच्या 'एकच' मध्ये कात्री घातली, हेही कमी नाही.

आळशी_मांजर

एम्पेडोक्लीज म्हणजे तो हाडाची पाककृती देणारा ना? आठ वाट्यांपैकी दोन वाट्या पाणी, चार वाट्या अग्नी, उरलेली माती.

मालवणी_मासळी

तोच. मीठ चवीपुरतं.

तिसरा_कर्ण

एक छोटी भर घालून मूळ प्रश्नावर येऊ या, ताईंचा त्रिकोण राहूनच गेलाय.

ॲरिस्टॉटलने भूमितीचा अतिरेक करणाऱ्यांची टिंगलही केली आहे. युरिटस नावाचा पायथागोरसपंथी होता, तो माणसाची संख्या अमुक, घोड्याची तमुक असं ठरवायचा. कसं? खडे मांडून त्यांच्या आकृती करायचा. म्हणजे ठिपक्यांची रांगोळी काढायची, ठिपके मोजायचे आणि म्हणायचं हा घोडा. गणित घ्यायचं, पण घोडा म्हणजे संख्या असं म्हणायचं नाही, ही ॲरिस्टॉटलची रेघ दिसते.

त्याच हिशेबाने त्रिकोणाची उपमा पण चौकोन-मांजर अशी एकास एक लावू नये. ती चार पदांची आहे. त्रिकोण : चौकोन :: पोषण : संवेदना. तो संबंध तेवढा सारखा. पहिल्याशिवाय दुसरं नाही, पहिलं दुसऱ्याशिवाय असू शकतं.

शेवाळ

मास्तर, मान्य, पण हे जरा पळवाट वाटतं. 'संबंध सारखा' म्हणजे कोणता संबंध? 'शक्यतेच्या रूपात असणं' हाच तर तो संबंध म्हणून त्याने दिलाय. आणि मांजरीचं पचन शक्यता नाही, वस्तुस्थिती आहे.

बादवे, मी 'जीव' म्हणतेय, 'आत्मा' नाही, हे मुद्दाम. आत्मा म्हटलं की देहातून सुटून जाणारा काहीतरी डोळ्यांपुढे येतो, प्लेटोला तो चालेल. ॲरिस्टॉटलचा शब्द झाडालाही लागतो. आपण 'रोपाने जीव धरला' म्हणतो, 'रोपाने आत्मा धरला' म्हणत नाही.

ऊसकरी

ताई, मी ह्यातलं काय वाचलेलं नाही. पण 'जीव धरला' म्हणालात म्हणून लिव्हतो.

उसाचं बेणं लावताना आमी कांडं तोडून टिपऱ्या करतो. एक डोळा टिपरी, दोन डोळा टिपरी. ऊस उभा हाय तवर तो एकच ऊस. वरचा शेंडा वाढतोय तवर खालचं डोळं गप बसत्यात. कोयता बसला की एकाचं दहा ऊस. प्रत्येक टिपरीत जीव होताच की, पर तोडोस्तोवर 'दहा जीव' असं कुणी म्हणत नाही. उभ्या उसात दहा ऊस शक्यतेनं हैत असं म्हणायचं काय ते?

शेवाळ

दादा...

हे त्याच 'जीवाविषयी' ग्रंथात आहे. अगदी हेच. वनस्पती तोडली तर तुकडे जगतात, कारण तिच्यात जीव प्रत्यक्षात एक असतो आणि शक्यतेने अनेक. पुढे किड्यांचंही सांगतो. काही किडे कापले तर दोन्ही तुकडे हलतात, टोचलं तर आक्रसतात. मी दोन्ही वाक्यं वाचली होती, पण त्रिकोणाशेजारी ठेवून बघितली नव्हती.

मी 'पचन' हे काम आणि 'पोसणारा जीव' यांची गल्लत करत होते बहुतेक. मांजरीत पचन चालू आहे, प्रश्नच नाही. पण तिच्या आत एक झाड बसलंय आणि त्याच्यावर एक मांजर बसलंय, असे दोन जीव नाहीत. एकच मांजर आहे, आणि ती मांजर म्हणूनच पचवते. 'झाडाचा जीव' तिच्यातून वेगळा मोजायचा तर कुठेतरी रेघ मारावी लागेल, आणि ती कोणी मारलेली नाही. चौकोनाची जागा त्रिकोणांनी भरलेली असते, तरी चौकोन हा दोन त्रिकोणांचा ढीग नसतो.

तिसरा_कर्ण

आणि उसात कर्ण कोयत्याने काढतात.

निवांत_नाना

एक शंका. ऊस तोडला की ऊसच मिळतो. चौकोन तोडला की त्रिकोण मिळतो, चौकोन नव्हे. मांजर तोडली (क्षमा असावी) तर झाड मिळत नाही. मग ऊसकऱ्यांचं उदाहरण त्रिकोणाला नेमकं बसलं का?

शेवाळ

अरे देवा. नाही बसत. पूर्ण नाही बसत.

पण नाना, झोप? झोपेच्या वेळी संवेदना बंद पडते आणि पोसणारा भाग आपलं काम जास्तच चांगलं करतो, असं तो म्हणतो. म्हणजे झोपलेली मांजर न तोडता झाडाच्या सर्वांत जवळ आलेली असते.

ऊसकरी

आमचा धाकटा रविवारी बारा वाजेस्तोवर झाडच असतोय.

सांधेवाली

झाडाच्या पायांचा प्रश्न निघाला म्हणून विचारते, सापाचं कोणी बोललं नाही. रक्त असलेला प्राणी चारापेक्षा जास्त बिंदूंवर चालत नाही असा त्याचा नियम आहे. पक्ष्याचे दोन पाय, दोन पंख. माशाचे चार पर (पोहायचे). सापाला पायच नाहीत, तर तो त्याची चार वळणं मोजतो. आणि वाम माशाला दोनच पर, म्हणून दोन पर आणि दोन वळणं, बेरीज चार! मास्तर, इथे योग क्रिया चालली की हो.

तिसरा_कर्ण

पर + वळण. एका जातीची राशी नाही. पण उत्तर चार येतंय... मला एक दिवस द्या.

मालवणी_मासळी

वाम उद्या बाजारात मिळाली तर वळणं मोजून सांगते. मोजून झाल्यावर तिचं काय करणार ते विचारू नका.

शेवाळ

लेकीला हा धागा वाचून दाखवला. तिचं म्हणणं, 'खवले' बरोबरच होतं ना, मग एवढं काय? आणि मांजर अजून झोपली आहे.